मामा, मी आणि अकोल्याचा बॅले

माझी धाकटी बहीण अकोल्याला राहते. तिची मुलगी अकरा वर्षांची आहे आणि दीड वर्षापासून बॅले शिकते. अकोल्यात बॅले शिकवतात हे बहिणीनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी फोनवर हसले. ती गप्प झाली. मी अमरावतीच्या कोर्टात वकिली करते, समोरचा गप्प झाला की आपण काहीतरी चुकीचं बोललो हे मला लगेच कळतं. त्यामुळे त्या वर्गाचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला तेव्हा मी तारीख कळायच्या आधीच येते म्हणून सांगून टाकलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मामा माझ्याकडे आले होते. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. खेड्यावर शेती करतात, वय सदुसष्ट. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते, ते डॉक्टरांना दाखवायचं होतं. डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे, फक्त उन्हात आणि झगझगीत उजेडात काळा चष्मा लावा. मामांनी तो चष्मा घरातही काढला नाही. संध्याकाळी ते माझ्या सोफ्यावर मांडी घालून, धोतर, टोपी आणि काळा चष्मा अशा अवतारात चहा पीत बसले होते, तेवढ्यात बहिणीचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"उद्या तीन वाजता बॅले आहे, उशीर करू नको," ती म्हणाली. "आणि मामा तिथंच आहेत ना? त्यांनाही आण."

"येतो ना बाई!" मामा सोफ्यावरून ओरडले. "हे काय इचारनं झालं? किती वर्सं झाली, पाह्यलंच नाई."

मला नवल वाटलं. म्हणजे पूर्वी कधीतरी पाहिला होता? पण नातीसाठी म्हातारा माणूस काहीही बोलतो, असं म्हणून मी सोडून दिलं. फोन ठेवल्यावर मामांनी विचारलं, "मैदानात हाय का?"

"नाही मामा, हॉलमध्ये."

"हॉलमंधी?" मामांनी कप खाली ठेवला. "आजकाल काय काय करून रायले लोकं. अन् जोड्या किती हायेत?"

"जोडी एकच आहे. बाकी मुली एकेकट्याच."

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि सोफ्याला मागं टेकले. मला वाटलं झोप आली असेल.

सकाळी आम्ही ऑटोनं बडनेऱ्याला आलो आणि पॅसेंजरमध्ये बसलो. नवरा आला नाही. रविवारी तो फक्त झोपेचीच बाजू घेतो. गाडीला गर्दी नव्हती. मामांना खिडकी मिळाली. बाहेर हरभरा सोंगून झाला होता, कुठं कुठं गहू उभा होता. मामा प्रत्येक शेताला शेरे देत होते. हे बरं आहे, ह्यानं पाणी उशिरा दिलं, हा माणूस कामाचा नाही. माझा वेळ छान जात होता.

आमच्या समोरच्या बाकावर एक तरुण होता. सव्वीस-सत्तावीसचा, उंच, झुपकेदार मिशा, मांडीवर निळी बॅग, तिच्यातून बॅडमिंटनच्या रॅकेटचा दांडा बाहेर आलेला. टाकळी स्टेशन गेल्यावर तो उठला, वरच्या सामानाच्या फळीला दोन्ही हातांनी धरलं आणि चवड्यांवर उभा राहिला. मग खाली आला. मग पुन्हा चवड्यांवर. मग एक पाय मागं उचलून धरून तो तसाच राहिला. चेहरा ताणलेला, डोळे मिटलेले.

मामा ताडकन उठले. काही कळायच्या आत त्यांनी खाली बसून त्याची पोटरी दोन्ही हातांनी धरली आणि जोर लावून चोळायला सुरुवात केली.

"हालू नको बापू. गोळा आला की तंगडी ढिली सोडाची."

"नाई काका, गोळा नाई आला!" तो एका पायावर उड्या मारत म्हणाला. "प्रॅक्टिस करून रायलो."

"कायची?"

त्यानं डब्यात इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला. "बॅलेची. अकोल्याले कार्यक्रम हाय आज."

मामांनी पोटरी सोडली. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, आमी बी तिकडंच चाललो! मंग तुही जोडी कुठं हाय?"

"अकोल्यालेच हाय. मॅडम घेऊन येते."

"बाई हाकते?"

तरुण थोडा गोंधळला. "शिकवते म्हना ना."

"वय काय जोडीचं?"

"अकरा वर्स."

"म्हातारं झालं मंग," मामा काळजीनं म्हणाले.

"नाई काका, तीच बरी. हलकी हाय. उचलाले सोपी."

"उचलाले?" मामांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि त्या नजरेत मला आदल्या संध्याकाळचं सगळं बोलणं उलगडलं. मैदान, जोड्या, किती वर्सं झाली पाह्यलंच नाई. बहिणीनं बॅले म्हटलं होतं आणि मामांनी बैल ऐकलं होतं. ते शंकरपटाला निघाले होते. बैलांच्या शर्यतीला. हॉलमधल्या.

मी त्यांना समजावून सांगितलं. बॅले म्हणजे एक परदेशी नाच. तुमची नातच त्यात आहे. ह्या दादाची जोडी म्हणजे तीच, ती चांदणी झाली आहे आणि हा राजपुत्र. त्यात कोणी बोलत नाही, नाचूनच गोष्ट सांगतात.

"बोलत कावून नाई?"

"पद्धतच आहे तशी."

"मंग समजत कसं?"

"बघून समजतं."

मामा कुरूम स्टेशनपासून मान्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. शेतांना शेरे देणंही थांबलं. मग म्हणाले, "मंग बैल नाईच?"

"नाही मामा."

"एक बी नाई?"

"एकही नाही."

"बरं," ते म्हणाले. "पोरगी तं हाय."

नंतर त्या तरुणाशी त्यांचं छान जमलं. तो नांदगाव पेठेला कपड्याच्या कारखान्यात शिफ्टचा सुपरवायझर होता. घर अकोल्याला, घरी फक्त आई. अमरावतीला खोलीवर तिघं राहतात म्हणून हा कारखान्याच्या गोदामात, कापडाच्या थानांमधल्या बोळीत नाचाचा सराव करायचा. आईला सांगितलं होतं, रविवारी अकोल्यात बॅडमिंटनच्या मॅची असतात. रॅकेट त्यासाठीच. दीड वर्षात तिची पिशवीसुद्धा उघडली नव्हती. मामांना ही गोष्ट फार आवडली. ते म्हणाले, "मायले नाई सांगावी अशी गोस्ट अन् तेबी नाच, म्हंजे पोरगा साधासुदाच हाय म्हना." हे कौतुक होतं की काय ते त्याला कळलं नाही, मलाही नाही.

मुर्तिजापूरला गाडी थांबली. मागून एक्स्प्रेस येत होती, तिला वाट द्यायची होती. तरुण म्हणाला, "चहा पिऊन येतो. बॅगकडे लक्ष ठेवा."

तो दारापर्यंत गेला आणि मामांनी हाक मारली, "उतरतच हायेस तं दोन पुड्या भजे घेऊन ये बापू. गरम असन तरच."

गरम असन तरच, ह्या तीन शब्दांनी घोटाळा केला. भज्याचा घाणा तेलात होता. तो थांबला. एक्स्प्रेस धडधडत निघून गेली, आणि तिच्या पाठोपाठ आमची गाडी, जी एरवी अर्धा तास जागची हलत नाही, ती लगेच सुटली. आम्ही खिडकीतून पाहिलं तर तो पळत येत होता. फार सुंदर पळत होता. एक बाक आणि एक हातगाडी त्यानं अशी ओलांडली की फलाटावरच्या लोकांनी मागं वळून पाहिलं. तो आमच्या दारापर्यंत पोचलासुद्धा. पण दोन हातांत दोन पुड्या होत्या आणि दांडा धरायला हात मोकळा नव्हता.

"फेक ते!" मी ओरडले. "भजे फेक!"

त्यानं फेकले नाहीत. दारासोबत पंधरा-वीस पावलं पळाला, आमच्याकडे विनवणीच्या नजरेनं पाहिलं आणि फलाट संपला.

मामा हळूच बाकावर बसले. "इमानदार मानूस हाय," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "माह्यामुळं झालं हे."

त्याची बॅग आमच्याकडे होती आणि बॅगेत त्याचा फोन वाजायला लागला. पडद्यावर 'मॅडम' असं होतं. मी उचलला आणि कोण बोलते ते सांगितलं. शांतपणे, आरोपीच्या वतीनं निवेदन करावं तसं म्हटलं, "ते मुर्तिजापूरला आहेत. भजे घ्यायला उतरले होते, गाडी सुटली. बॅग आम्ही आणतो."

पलीकडे संगीत बंद केल्याचं ऐकू आलं. मग एक अगदी पुणेरी, स्वच्छ आवाज आला, "भजी घ्यायला?"

"हो."

"आज?"

मी बॅग जवळ ओढून घेतली. मॅडमनी पुढच्या गाडीची वेळ विचारली. डब्यातल्या एका गृहस्थांनी सांगितली आणि ती आमच्या कामाची नव्हती.

काटेपूर्णा ओलांडली आणि फोन पुन्हा वाजला. 'आई'. मी उचलणार नव्हते, पण तो बंद होईना.

"कोन बाई बोलून राह्यली?" पलीकडून एकदम ताठ आवाज. "माह्या पोराचा फोन तुह्यापाशी काहून हाय?"

मी कोर्टात कधी खोटं बोलले नाही, हे अभिमानानं सांगते. म्हणून विचार करून म्हटलं, "मावशी, मी गाडीतली प्रवासी आहे. ते फोन इथं ठेवून खाली उतरले. मी शेवटचं पाहिलं तेव्हा ते पळत होते."

"आता मॅच चालू हाय का?"

"मॅचचं मला माहीत नाही. पण फार छान पळत होते."

"पयतो चांगला," त्या बाईचा आवाज एकदम मऊ झाला. "लहानपनापासूनच." आणि फोन ठेवला.

अकोल्याला उतरून ऑटोनं आम्ही कार्यक्रमाच्या जागी गेलो. ते एक मंगल कार्यालय होतं. आदल्या दिवशीचं लग्न होऊन गेलं होतं आणि स्टेजच्या मागच्या भिंतीला थर्माकोलची 'शुभविवाह' ही अक्षरं अशा काही गोंदानं चिकटवली होती की निघता निघत नव्हती. त्यावर निळा पडदा टांगून चंदेरी कागदाच्या चांदण्या लावल्या होत्या. पडदा एका बाजूला तोकडा पडला होता, त्यामुळे आकाशाच्या टोकाला 'ह' दिसत होता. पांढऱ्या झालरीच्या झग्यांतल्या दहा-बारा मुली इकडून तिकडं चवड्यांवर धावत होत्या. आमची भाची येऊन मला बिलगली आणि तिच्या झग्यातला तारांचा सांगाडा माझ्या बरगडीत रुतला.

मॅडम तिशीच्या होत्या, पुण्याहून लग्न होऊन अकोल्यात आलेल्या. त्यांनी बॅग घेतली, ती उघडली, आतले चंदेरी कोट आणि घट्ट पायजमा बाहेर काढून हातात धरले आणि आमच्याकडे पाहिलं. जणू आम्ही राजपुत्राच्या अस्थीच आणल्या होत्या.

"त्याचा नाच मी काढून टाकते," त्या म्हणाल्या. "मुलींचं सगळं बसलेलं आहे. पण शेवटी चांदणीला उचलून परत आकाशात ठेवायचं आहे. ते नाही झालं तर ती जमिनीवरच राहील. मग गोष्टच नाही. कोणीतरी फक्त उचलायला हवं."

सगळ्यांनी माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो कॉलेजात शिकवतो आणि शर्टाच्या आत दुखऱ्या कमरेला पट्टा बांधतो. मुलीसाठी तो पुढे आला. त्यानं तिला धरून वर घेतलं. ती त्याच्या कमरेपर्यंत आली, तिथं त्याचा चेहरा बदलला आणि तो म्हणाला, "एवढं चालेल?"

"आकाश कमरेच्या वर असतं हो," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा मामा पुढे झाले. "सरका जवाईबापू. माह्यामुळं पोरगा रायला, मी उचलतो."

मी म्हटलं, "मामा, डोळा."

"डॉक्टरनं एक महिना वजन उचलू नको म्हनलं व्हतं. दोन झाले." आणि त्यांनी भाचीला दोन्ही काखांत हात घालून सरळ डोक्याच्या वर नेलं, तिथं एकदा तोलून पाहिलं आणि खाली ठेवलं. "हिच्यापेक्षा सरकीचं पोतं भारी असते."

मॅडम त्यांच्याकडे पाहत राहिल्या. दुसरा इलाजच नव्हता. पोशाखावरून जरा वाद झाला. मामांनी तो घट्ट पायजमा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे आतून घालाचं असन. वरून काय?"

"वरून काही नाही."

"काईच नाई?" मामांनी तो घडी करून बॅगेत ठेवला. "मंग मी धोतरावरच जातो."

चंदेरी कोट घातला, पण बटणं लागली नाहीत. टोपी काढायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून मुकुट टोपीवर बसवला. चष्माही राहिला, कारण स्टेजवरचे दिवे झगझगीत होते आणि त्या बाबतीत डॉक्टरांचं म्हणणं मीच त्यांना ऐकवलं. बूट बसेनात, तेव्हा अनवाणी. मॅडम म्हणाल्या, "पहिल्या प्रवेशात तुम्ही नुसतं या बाजूनं त्या बाजूला जा. काहीतरी हरवलंय असं शोधत शोधत."

"काय हरवलं?"

"चांदणी."

"चांदनी खाली कावून शोधू?"

"ती खाली पडली आहे ना."

"हं," मामा म्हणाले. "मंग बरोबर हाय."

तीन वाजता कार्यक्रम सुरू झाला. दोन-अडीचशे माणसं असतील, बहुतेक आईबाप आणि शेजारीपाजारी. मी बहिणीजवळ तिसऱ्या रांगेत बसले. सुरुवातीला भाची एकटी होती. आकाशातून पडलेली चांदणी. मला नाचातलं काही कळत नाही, पण तिनं एका पायावर गिरकी घेतली तेव्हा माझ्या बहिणीनं माझा हात एवढा दाबला की तिला त्यातलं कळतं हे मला कळलं. मग फुलं आली, फुलपाखरं आली. आणि मग डावीकडून मामा आले.

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. मग हसू पसरायला लागलं. पण मामांना मॅडमनी काहीतरी शोधायला सांगितलं होतं आणि ते शोधत होते. दावं तोडून गेलेलं वासरू शोधावं तसे. हात कपाळाशी नेऊन लांब पाहिलं. खाली वाकून जमिनीवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. एका फुलाजवळ थांबून हाताच्या खुणेनं विचारलं, इकडून गेलं का काही? त्या फुलानं मान हलवली. दुसऱ्याजवळ गेले. तिसरं फूल जेमतेम सहा वर्षांचं होतं. ते नाच विसरलं, बोट दाखवून मोठ्यानं म्हणालं, "ते काय, तिथंच हाय ना!"

सगळा हॉल हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी त्या फुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दाखवलेल्या दिशेनं न जाता, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे, उजवीकडून निघून गेले. त्यानंतर कोणी फारसं हसलं नाही. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "सापडाले पायजे बुवा त्याले."

शेवटचा प्रवेश आला. संगीत चढत गेलं. चांदणी कोपऱ्यातून धावत आली, मामा मधोमध पाय रोवून उभे होते. तिनं उडी घेतली, मामांनी तिला कमरेला झेललं आणि एका दमात वर नेलं. भाचीनं हात पसरले. मागं निळं आकाश आणि 'ह'. टाळ्या सुरू झाल्या. संगीत थांबलं.

आणि पुन्हा सुरू झालं. पेनड्राइव्हवरचा तोच तुकडा पहिल्यापासून. लावणारा बहुतेक टाळ्या वाजवत होता.

संगीत संपेपर्यंत खाली ठेवायचं नाही, असं मामांना सांगितलेलं होतं. ते उभे राहिले. भाचीचे हात पसरलेले. मुलींना काय करावं कळेना, त्या एकमेकींकडे पाहत होत्या. विंगेतून मॅडमचा आवाज आला, "खाली! आजोबा, खाली ठेवा!"

"आजून वाजून रायलं ना!" मामा स्टेजवरून म्हणाले. बोलायचं नसतं हे ते त्या घटकेला विसरले.

"आजोबा, मला गुदगुल्या होताहेत," वरून चांदणी म्हणाली.

"दम धर बाई."

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि मधल्या वाटेनं आमचा राजपुत्र धावत आला. मुर्तिजापूरच्या हायवेवर त्याला सरकीचा ट्रक मिळाला होता आणि तो मागं पोत्यांवर बसून आला होता. केसांत, मिशांत, शर्टावर सगळीकडे कापसाची पांढरी तूस. दोन्ही हातांत भज्याच्या पुड्या. तो स्टेजसमोर आला, पुड्या स्टेजच्या कडेला ठेवल्या, चपला काढल्या आणि एकाच उडीत वर चढला.

मामांनी काळ्या चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. "आला का बापू? घे, तुही चांदनी." आणि अंगणातली बाज एकाकडून दुसऱ्यानं घ्यावी इतक्या सहज त्यांनी भाचीला त्याच्या हातात दिलं आणि कडेला ठेवलेल्या पुड्या स्वतःकडे घेतल्या. मग स्टेजच्या कडेला नवरदेवाची लाल खुर्ची कपड्यानं झाकून ठेवलेली होती, तिच्यावर जाऊन बसले.

संगीत चालूच होतं. राजपुत्रानं भाचीला हळूच खाली उतरवलं, कानात काहीतरी सांगितलं आणि दोघांनी तो प्रवेश पहिल्यापासून केला. खरा. पँट-शर्टमध्ये, अनवाणी. त्यानं पहिली उडी घेतली तेव्हा शर्टावरची तूस हवेत उडाली आणि दिव्यांत थोडा वेळ तरंगत राहिली. मला एवढंच आठवतं की मी तोंड उघडं ठेवून बघत होते. डब्यात सामानाच्या फळीला लोंबकळणारा तो मुलगा हाच, यावर विश्वास बसत नव्हता. एक पाय मागं उचलून तो स्थिर झाला तेव्हा दोन-अडीचशे माणसांच्या हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज होता. मामांनी खुर्चीत बसल्या बसल्या चष्मा काढला आणि उपरण्यानं पुसून परत लावला. चांदणी दुसऱ्यांदा आकाशात गेली. ह्या खेपेला संगीत वेळेवर बंद केलं.

नंतर स्टेजमागं मॅडम मामांच्या पाया पडल्या आणि राजपुत्रावर ओरडल्या. मी त्याचा फोन त्याला दिला. "तुमच्या आईचा आला होता. पळत होते एवढंच सांगितलं मी."

तो घाबरला, मग हसला. "आज सांगूनच टाकतो."

त्याला सांगायची वेळच आली नाही, हे मला पुढे बहिणीकडून कळलं. कोणीतरी सगळं मोबाइलवर काढलं होतं आणि ते संध्याकाळपर्यंत अर्ध्या अकोल्यात फिरलं. त्याच्या आईनं ते पाहिलं. तिला नाचण्याचं काहीच वाटलं नाही. तिचा राग वेगळाच होता. बॅगेत तिला तो घट्ट पायजमा सापडला आणि ती दुसऱ्या दिवशी थेट मॅडमच्या घरी गेली. "त्या बुढ्याले धोतर देता," ती म्हणाली, "अन् माह्या पोराले हे?" आता त्याला वरून एक झालरीचा अंगरखा देतात. भाची म्हणते, त्यात तो आजोबांपेक्षा वाईट दिसतो. तिची अजून एक तक्रार आहे, दादाचे हात उचलताना थरथरतात, आजोबांचे थरथरत नव्हते.

आम्हाला बहीण राहा म्हणत होती, पण सोमवारी माझी कोर्टात तारीख होती. साडेपाचच्या सुमाराला आम्ही अकोला स्टेशनवर आलो आणि आलेल्या पहिल्या गाडीत चढलो. मामांना पुन्हा खिडकी मिळाली. मी विचारलं, "कसं वाटलं मामा?"

ते विचार करून म्हणाले, "खांदे दुखून रायले." बोरगाव येईपर्यंत त्यांची मान छातीवर टेकली होती. मी मनाशी म्हटलं, मी जागी आहे, बडनेऱ्याला उठवीन.

मला जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि गाडी उभी होती. फलाटावरची पाटी वाचली. चांदूर रेल्वे. बडनेरा कधीच मागं गेलं होतं.

"मामा, उठा! पुढं आलो आपण!"

मामांनी चष्म्याआडून बाहेर पाहिलं, पाटी वाचली आणि प्रसन्नपणे उठून धोतर सावरलं. "बरं झालं," ते म्हणाले. "माह्या घरचंच ठेसन हाय. उद्या यावंच लागलं असतं."

त्यांच्या गावचा एक मोटरसायकलवाला स्टेशनबाहेर उभा होता. मामा त्याच्यामागं बसले, मला म्हणाले, "जपून जाय," आणि निघून गेले. त्यांच्या कपड्यांची पिशवी आणि डोळ्याच्या औषधाची बाटली अमरावतीला माझ्या सोफ्यावर होती. मी एसटी स्टँडवर जाऊन अमरावतीच्या बसची वाट पाहत उभी राहिले.